लॅप टाइमची तुलना: घड्याळ नेमकं कुठे सुरू झालं?

१९७५ च्या जर्मन ग्रां प्रीच्या पात्रता फेरीत फॉर्म्युला वन चालक निकी लाउडाने न्युर्बुर्गरिंगच्या नॉर्डश्लायफे या जुन्या, लांबलचक ट्रॅकवर ६ मिनिटं ५८.६ सेकंदांचा लॅप, म्हणजे एक पूर्ण फेरी, मारला. सात मिनिटांच्या आत येणारा तो पहिलाच. आठ वर्षांनी, १९८३ मध्ये, १००० किलोमीटरच्या शर्यतीआधी श्टेफान बेलोफने पोर्श ९५६ मधून ६ मिनिटं ११.१३ सेकंद नोंदवले. दोन्ही आकडे शेजारी ठेवले की वाटतं, आठ वर्षांत गाड्या ४७ सेकंदांनी पुढे गेल्या.

पण लाउडा २२.८३५ किलोमीटर धावला होता आणि बेलोफ २०.८३२. मधल्या काळात शेजारच्या नव्या ग्रां प्री ट्रॅकच्या बांधकामासाठी जुन्या पिट्सभोवतीचा (शर्यतीत गाड्या थांबतात त्या जागेभोवतीचा) भाग कापून टाकला होता. सरासरी वेग काढला तर लाउडाचा ताशी १९६ किलोमीटर येतो, बेलोफचा २०२. म्हणजे फरक ताशी सहा किलोमीटरच्या आतच. बेलोफचं काम त्यामुळे लहान होत नाही, पण त्या ४७ सेकंदांतला मोठा वाटा रस्त्याच्या लांबीचा होता.

रेसिंग सिम्युलेशन, म्हणजे खऱ्या गाडीसारखे वागणारे शर्यतीचे खेळ, खेळणाऱ्यांमध्ये ‘तुझा टाइम किती, माझा किती’ हा वाद रोज चालतो आणि तो बहुतेक वेळा इथेच अडतो. समोरचा कुठल्या ट्रॅकवर, कुठल्या टायरवर, टाकीत किती इंधन घेऊन धावला हे विचारायच्या आधीच निकाल लावला जातो. या छंदाचा चाळीसएक वर्षांचा इतिहास मला या एकाच प्रश्नाभोवती फिरताना दिसतो: दोन वेळा एकमेकींशी तोलता येतील अशा कशा करायच्या?

सुरुवातीला प्रश्न सोपा होता. नाम्कोच्या १९८२ सालच्या ‘पोल पोझिशन’मध्ये आधी पात्रता लॅप मारायचा आणि मगच शर्यतीत उतरायचं. सगळ्यांना तीच गाडी, तोच फुजीचा ट्रॅक. सेटअप, म्हणजे गाडीची जुळणी आपल्याला हवी तशी बदलणं, ही भानगडच नव्हती, त्यामुळे कमी वेळ म्हणजे चांगला खेळाडू, एवढाच हिशोब. १९९२ च्या ‘सुपर मारिओ कार्ट’ने त्यात घोस्टची भर घातली: आपल्याच आधीच्या फेरीची सावली समोर पळते आणि आपण कुठे मागे पडलो ते डोळ्यांना दिसतं.

खरी गुंतागुंत आली ती खेळ वास्तवाच्या जवळ जाऊ लागल्यावर. पॅपायरस या अमेरिकी कंपनीत डेव्हिड केमर यांनी १९८९ मध्ये ‘इंडियानापोलिस ५००: द सिम्युलेशन’ केला, आणि १९९८ मध्ये त्याच कंपनीने ‘ग्रां प्री लेजेंड्स’ आणला. १९६७ चा फॉर्म्युला वन मोसम, पंख नसलेल्या गाड्या, अरुंद टायर, आणि चूक झाली की सरळ झाडात. सुरुवातीचे कित्येक तास माणूस नुसता गाडी रस्त्यावर ठेवायला शिकतो. खेळात ११ ट्रॅक होते आणि नॉर्डश्लायफे जुन्या, पूर्ण लांबीची. गाड्याही एकसारख्या नव्हत्या. लोटस झपाट्याने पळे, काही इंजिनं मात्र चढावर दम टाकत. मग लोटसमधल्या टाइमची तुलना दुसऱ्या गाडीतल्या टाइमशी कशी करणार?

खेळाडूंनी यावर स्वतःच एक उपाय शोधला. ‘जीपीएल रँक’ या पद्धतीत प्रत्येक ट्रॅकसाठी एक संदर्भ वेळ ठरलेली असे. ११ ट्रॅकवरच्या आपल्या सर्वोत्तम वेळेतून त्या त्या ट्रॅकची संदर्भ वेळ वजा करायची आणि सगळ्या फरकांची बेरीज म्हणजे आपला आकडा. बेरीज शून्याखाली नेणं, म्हणजे ‘निगेटिव्ह’ होणं, हा मान होता, आणि त्यासाठी लोक महिनोन्‌महिने घासत. यातला विचार मला फार शहाणा वाटतो. एका ट्रॅकवरचा एक चमकदार लॅप नशिबानेही लागू शकतो. अकरा ट्रॅकवरची बेरीज नशिबाने लागत नाही.

त्याच सुमारास जपानमध्ये दुसरी वाट निघाली. काझुनोरी यामाउची यांचा ‘ग्रान तुरिस्मो’ डिसेंबर १९९७ मध्ये प्लेस्टेशनवर आला. त्याची लायसन्स टेस्ट म्हणजे लॅप टाइमची शिस्तबद्ध शाळाच: ठरलेली गाडी, ठरलेला ट्रॅक, आणि ब्राँझ, सिल्व्हर, गोल्डच्या ठरलेल्या वेळा. सेकंदाच्या शंभराव्या भागाने गोल्ड हुकलं की तीच टेस्ट पुन्हा, तेच वळण पुन्हा. हीच कल्पना पुढे २००८ मध्ये ‘जीटी अकॅडमी’पर्यंत पोचली. सगळ्यांना एकच गाडी आणि एकच ट्रॅक देऊन खेळातल्या वेळेवरून माणसं निवडायची आणि त्यांना खऱ्या निसानमध्ये बसवायचं. पहिला विजेता लुकास ओर्दोन्येझ २०११ मध्ये ल मांच्या २४ तासांच्या शर्यतीत त्याच्या वर्गात दुसरा आला. परिस्थिती खरोखर सारखी ठेवली तर खेळातल्या आकड्यालाही वजन असतं, याचा याहून ठोस दाखला मला माहीत नाही.

‘ग्रान तुरिस्मो ४’मध्ये नॉर्डश्लायफे आल्यावर लोक मोटार कंपन्यांनी जाहीर केलेल्या वेळांशी स्वतःच्या वेळा ताडून पाहू लागले, आणि इथे टायरनी घोळ घातला. खेळात साध्या, स्पोर्ट्स आणि रेसिंग अशा टायरचे गट होते. रस्त्यावरच्या गाडीला रेसिंग टायर लावून मारलेला लॅप खऱ्या गाडीच्या लॅपशेजारी ठेवण्यात काहीच अर्थ नव्हता, पण तो ठेवला जात होता. ही तुलना जगभर गाजली ती २००५ मध्ये. ब्रिटिश टीव्हीवर मोटारींच्या कार्यक्रमाचे सूत्रसंचालक जेरेमी क्लार्कसन यांनी लागुना सेकाच्या ट्रॅकवर होंडा एनएसएक्स आधी खेळात पळवली आणि मग कॅलिफोर्नियात जाऊन खरोखर पळवली. खेळात १ मिनिट ४१ सेकंद, खऱ्या गाडीत १ मिनिट ५७. त्या सोळा सेकंदांचं खापर बहुतेकांनी खेळाच्या फिजिक्सवर फोडलं. मला त्यातला बराच भाग माणसाचा वाटतो. पडद्यावर भिंतीत गेलो तर रीस्टार्टचं बटण असतं, म्हणून तिथे पाय ब्रेककडे उशिरा जातो. खऱ्या ट्रॅकवर तो आधीच गेलेला असतो.

आपल्या देशातलं उदाहरण आणखी बोलकं आहे. ग्रेटर नोएडाजवळच्या बुद्ध सर्किटवर पहिली फॉर्म्युला वन शर्यत झाली ३० ऑक्टोबर २०११ ला. कोडमास्टर्सचा ‘एफ वन २०११’ हा खेळ सप्टेंबरमध्येच बाजारात आला होता आणि त्यात बुद्ध सर्किट होतं. म्हणजे फॉर्म्युला वनची खरी गाडी तिथे धावण्याआधी घराघरांतून त्याचे लॅप टाइम लागत होते, आणि ताडून पाहायला खरा आकडा कुठेच नव्हता. मग तो आला. सेबास्टियन फेटलने पात्रता फेरीत १ मिनिट २४.१७८ नोंदवले आणि शर्यतीतला सर्वात जलद लॅपही त्याचाच होता: १ मिनिट २७.२४९. माणूस तोच, गाडी तीच, फक्त एका दिवसाचं अंतर, आणि फरक तीन सेकंदांचा. पात्रता फेरीत टाकी जवळपास रिकामी, टायर ताजे, आणि मागचा पंख उघडणारं डीआरएस त्या मोसमात पात्रता फेरीत कुठेही वापरायची मुभा. शर्यतीत टायर वापरलेले आणि डीआरएसवर बंधनं; तो लॅप शेवटच्या फेरीतला होता म्हणून निदान टाकी हलकी होती. ढोबळ हिशोबात १० किलो जास्तीचं इंधन एका लॅपला तीन दशांश सेकंद खातं. ‘माझा टाइम फेटलच्या जवळ आहे’ असं कुणी म्हणालं, तर ‘कुठल्या फेटलच्या?’ असं विचारायलाच हवं.

२००८ मध्ये केमर यांच्याच नव्या कंपनीने ‘आयरेसिंग’ हा खेळ सुरू केला आणि लेझर स्कॅन केलेले ट्रॅक हा त्याचा पाया ठरला. त्याआधी ट्रॅक नकाशांवरून आणि फोटोंवरून बनत. लेझरने उंचवटे, खड्डे, कडेचे दगडी कर्ब, सगळं जसंच्या तसं आलं. दुसरीकडे टेलिमेट्री, म्हणजे गाडीच्या वेगाची, ब्रेकची क्षणाक्षणाची नोंद, हाताशी आली. ‘जीटीआर २’ आणि त्यानंतरच्या खेळांतून लॅपची सगळी नोंद मोटेक या नोंदी तपासायच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडता येऊ लागली, आणि तुलना एका आकड्यावरून एका रेघेवर आली. नाशिकच्या एका मित्राची आणि माझी वेगाची रेघ मी एकदा अशी एकावर एक ठेवून पाहिली. नॉर्डश्लायफेवरच्या बेर्गवेर्कच्या उजव्या वळणात शिरताना मी त्याच्यापेक्षा जलद होतो, त्याचा मला अभिमानही होता. पण बाहेर पडताना त्याची रेघ वर गेली आणि पुढच्या केसेलशेनच्या लांबलचक चढावर ती वरच राहिली. वळणात कमावलेलं सगळं मी चढावर गमावत होतो. नुसत्या लॅप टाइमवरून हे मला कधीच कळलं नसतं.

लांबीचा जुना गोंधळ मात्र खऱ्या ट्रॅकवरही बराच काळ राहिला. कंपन्या वर्षानुवर्षं २०.६ किलोमीटरची वेळ जाहीर करत, कारण मुख्य ग्रँडस्टँडजवळचा छोटा तुकडा घड्याळात धरला जात नसे. २०१९ पासून पूर्ण २०.८३२ किलोमीटर हे अधिकृत अंतर झालं. त्या २३२ मीटरना किती लागतात? २०२१ मध्ये मान्थायने तयार केलेल्या पोर्श ९११ जीटी२ आरएसने एकाच फेरीत दोन्ही वेळा दिल्या: ६ मिनिटं ३८.८३५ आणि ६ मिनिटं ४३.३००. जवळपास साडेचार सेकंद. ‘असेटो कोर्सा’ या खेळात याशिवाय पर्यटकांसाठीची नॉर्डश्लायफेही आहे, जिथे लांब सरळ रस्त्याचा मोठा भाग मोजलाच जात नाही. कुणी नॉर्डश्लायफेचा टाइम सांगितला की मी आधी लेआउटचं नाव विचारतो.

त्याच ‘असेटो कोर्सा’ची स्कॅन केलेली नॉर्डश्लायफे २०१५ च्या वसंतात आली. त्याच मार्चमध्ये खऱ्या ट्रॅकवर फ्लुगप्लाट्सच्या उंचवट्यावर एका शर्यतीत गाडी हवेत उडाली आणि एका प्रेक्षकाचा जीव गेला. त्यानंतरच्या हिवाळ्यात तिथल्या पाचशेएक मीटरचं डांबर नव्याने घालून उंचवटे सपाट केले गेले. खेळातल्या स्कॅनमध्ये ते अजून तसेच आहेत. आज तिथे मारलेला प्रत्येक लॅप आयफेलच्या डोंगरात आता नसलेल्या रस्त्यावरचा आहे, आणि फ्लुगप्लाट्सवर पुढची चाकं हलकी होतात तेव्हा हाताला ते कळतं.