जनसुनवाई (सार्वजनिक आरोग्यसेवा, ठाणे जिल्हा)

सरकारी दवाखान्यात काय मिळाले आणि काय मिळाले नाही, हे गावकऱ्यांनी भर सभेत सांगायचे आणि आरोग्य अधिकाऱ्यांनी पंचांसमोर तिथल्या तिथे उत्तर द्यायचे, अशी जाहीर बैठक म्हणजे आरोग्यसेवेतील जनसुनवाई. मराठीत ‘सुनावणी’ हा शब्द होताच, पण त्याने कोर्टाची तारीख डोळ्यांपुढे येते. ‘सुनवाई’ हे रूप राजस्थानातून आले. तिथे मजदूर किसान शक्ती संघटनेने १९९४ मध्ये सरकारी कामांचे हिशेब आणि मस्टर गावासमोर वाचून दाखवायला सुरुवात केली, तेव्हापासून चळवळींमध्ये हा शब्द रुजला. २००४ मध्ये जन स्वास्थ्य अभियान हे आरोग्य चळवळींचे जाळे आणि राष्ट्रीय मानवी हक्क आयोग यांनी आरोग्याच्या हक्कावर देशात विभागवार सुनवाया घेतल्या.

२००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले आणि लोकांनी दवाखान्यावर नजर ठेवायची ही कल्पना सरकारी योजनेत आली. तिचे नाव लोकाधारित देखरेख. २००७ मध्ये नऊ राज्यांत ती प्रायोगिक स्वरूपात राबवली गेली. महाराष्ट्रात त्यासाठी अमरावती, उस्मानाबाद, ठाणे, नंदुरबार आणि पुणे हे पाच जिल्हे निवडले होते आणि राज्य पातळीवरचा समन्वय पुण्याच्या ‘साथी’ संस्थेकडे होता. ठाणे जिल्ह्यातून डहाणू, जव्हार आणि मुरबाड हे तालुके घेतले गेले. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाल्यावर पहिले दोन तिकडे गेले, मुरबाड ठाण्यातच राहिला.

ठाणे जिल्ह्यात सहा महानगरपालिका आहेत, त्यामुळे कागदावर हा जिल्हा दवाखान्यांनी भरलेला दिसतो. मुरबाड आणि शहापूरच्या ठाकूर, कातकरी, महादेव कोळी पाड्यांवरून तोच जिल्हा वेगळा दिसतो. आदिवासी भागात तीन हजार लोकसंख्येमागे एक उपकेंद्र आणि वीस हजारांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असा निकष आहे. अडलेली बाई उपकेंद्रातून प्राथमिक आरोग्य केंद्रात, तिथून मुरबाडच्या ग्रामीण रुग्णालयात, मग उल्हासनगरच्या मध्यवर्ती रुग्णालयात आणि तिथेही जमले नाही तर ठाण्याला किंवा कळव्याला पाठवली जाते. प्रत्येक पायरीवर ‘पुढे न्या’ हे दोनच शब्द. गाडी कोण देणार, सोबत कोण जाणार, घरी उरलेल्या लेकरांना कोण बघणार, याची नोंद कुठल्याच रजिस्टरात होत नाही. सुनवाईत नेमके हेच बोलता येते.

तयारी आधी काही महिने चालते. गावची आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती घरोघर विचारपूस करते आणि गावाचे प्रगतिपत्रक भरते. लसीकरण ठरल्या दिवशी झाले का, नर्सताई पाड्यावर येतात का, बाळंतपणाला पैसे मागितले का, डॉक्टर मुक्कामी असतात का, असे साधे प्रश्न असतात. उत्तराप्रमाणे रकाना हिरवा, पिवळा किंवा लाल रंगवायचा. अक्षर न वाचता येणाऱ्या आजीलाही आपल्या गावचा तक्ता कळतो, हे या रंगांचे मोठे काम आहे.

मग आरोग्य केंद्राच्या आवारात मांडव पडतो. समोरच्या टेबलाशी वैद्यकीय अधिकारी, तालुका आरोग्य अधिकारी, पंचायतीचे लोक आणि बाहेरून बोलावलेले पंच. बाई उठते, पदराच्या गाठीतून घडी पडून मऊ झालेली चिठ्ठी काढते. सरकारी केंद्रात बाहेरून आणायला सांगितलेल्या औषधाची ती चिठ्ठी, तिच्यामागे मेडिकलवाल्याचे बिल टाचलेले. ‘डॉक्टर चांगले वागत नाहीत’ या तक्रारीला दहा उत्तरे असतात. या चिठ्ठीला मात्र एकच उत्तर उरते: औषध का नव्हते? २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली सरकारी संस्थेतले बाळंतपण, औषधे आणि गाडी मोफत आहे. हे एकदा भर सभेत मोठ्याने वाचले गेले की पुढच्या बाईला मागण्यासाठी हात पसरावे लागत नाहीत.

कर्मचाऱ्यांनाही इथे बोलता आले पाहिजे. उपकेंद्राचे छप्पर गळते, पाण्याची सोय नाही, रात्री एकटीने राहायचे कसे, असे नर्सताई सांगते तेव्हा गावही ऐकते, आणि पुष्कळदा गाव तिच्या बाजूने उभे राहते. डॉक्टरला कोंडीत पकडण्यापुरती घेतलेली सुनवाई पुढच्या वर्षी भरत नाही.

‘आशा’ म्हणजे गावातल्याच आरोग्य कार्यकर्त्या. त्यांची जागा सगळ्यांत अवघड. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातील आशांना जागतिक आरोग्य नेतृत्वाचा पुरस्कार दिला. सरकारी कागदावर मात्र त्या ‘स्वयंसेविका’ आहेत आणि त्यांना मिळतो तो पगार नाही, मोबदला. गावातली खडान्‌खडा माहिती त्यांच्याकडे असते, पण ज्यांच्या सहीने मोबदला निघतो त्यांच्याविरुद्ध उभे राहून बोल म्हणणे हा त्यांच्यावर अन्याय आहे. प्रगतिपत्रक समितीतल्या दुसऱ्या बाईने वाचलेले बरे.

सुनवाईतूनही माणसे सुटतात. कातकरी ही महाराष्ट्रातील तीन विशेष असुरक्षित आदिवासी जमातींपैकी एक. दिवाळीनंतर अनेक कुटुंबे वीटभट्टीवर जातात ती पावसाच्या तोंडावर परततात. भट्टीवरच्या गरोदर बाईचे नाव गावच्या यादीत असते आणि ती राहते दुसऱ्याच हद्दीत. फेब्रुवारीत गावठाणात घेतलेल्या सुनवाईत तिची वाडी रिकामीच असणार. म्हणून तारीख स्थलांतराआधीची हवी आणि पूर्वतयारीची बैठक सरपंचांच्या ओट्याऐवजी वाडीत व्हायला हवी. ‘सर्वांना निमंत्रण होते’ एवढ्याने समावेश होत नाही.

घेतलेले पैसे परत मिळणे, औषधसाठ्याचा फलक दर्शनी भागात लागणे, असे परिणाम महाराष्ट्रातील सुनवायांत नोंदले गेले आहेत. रिक्त पदे, रक्ताची सोय, भूलतज्ज्ञ हे प्रश्न आरोग्य केंद्राच्या पातळीवर सुटत नाहीत, ते तालुक्याला आणि जिल्ह्याला न्यावे लागतात. शिवाय देखरेखीचा पैसा त्याच आरोग्य खात्यातून येतो, हा या पद्धतीचा मूळ कच्चा दुवा. शहरांसाठी २०१३ च्या राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियानात पन्नास ते शंभर घरांमागे महिला आरोग्य समितीची तरतूद आहे. नवी मुंबईतल्या दिघा किंवा तुर्भ्याच्या वस्त्यांसाठी सुनवाईची सुरुवात या समित्यांपासूनच होऊ शकते.

सुनवाईचे इतिवृत्त त्याच दिवशी लिहून त्यावर अधिकाऱ्यांची सही घ्यावी लागते. पुढच्या सुनवाईत नवी तक्रार घेण्याआधी ते वाचले जाते, आणि ज्या बाईची चिठ्ठी होती तिलाच विचारले जाते, ‘ताई, औषध मिळालं का?’