आधी ट्रॅक्टर थांबवायला शिकवा

बारा वर्षांचं पोर ट्रॅक्टरच्या सीटवर बसून क्लच कसा दाबतं, ते एकदा बाजूला उभं राहून नीट बघा. पाय पेडलपर्यंत पोचतो, पण पेडल तळाला जात नाही. मग ते स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरतं, कंबर सीटच्या कडेपर्यंत सरकवतं आणि अंगाचा सगळा भार डाव्या पायावर टाकतं. क्लच दबतो, गिअर पडतो, ट्रॅक्टर हलतो. बघणारे कौतुकाने म्हणतात, "आलं की याला!" त्या क्षणी त्याची पाठ सीटला टेकलेली नसते. ज्या स्टिअरिंगने दिशा द्यायची, त्यालाच ते लोंबकळलेलं असतं. आणि क्लच-ब्रेक दोन्ही एकदम दाबायची वेळ आली, तर त्याला सीटवरून उठून उभंच राहावं लागतं.

अशा वेळी डोळेही खाली येतात, आणि त्याची किंमत साध्या भूमितीने मोजता येते. समजा, मोठ्या माणसाचे डोळे जमिनीपासून २ मीटर उंच आहेत, आणि त्याच्यापुढे २ मीटरवर बॉनेटची कड दीड मीटर उंचीवर आहे. त्या कडेवरून जाणारी नजर जमिनीला टेकते ती ८ मीटरवर. त्याच्या अलीकडची जमीन त्याला दिसत नाही. आता डोळे फक्त १५ सेंटिमीटर खाली आणा. नजर थेट साडेदहा मीटरवर जाऊन टेकते. वीतभरही उंची कमी झाली नाही, आणि न दिसणारी जमीन अडीच मीटरने वाढली. एखादं लहान मूल तेवढ्या जागेत सहज खेळत असू शकतं.

म्हणून "कितव्या वर्षी शिकवावं?" या प्रश्नाला नुसत्या आकड्यात उत्तर देणं मला पटत नाही. तरी किमान मर्यादा हवीच. ब्रिटनमध्ये शेतीकाम करणाऱ्या ट्रॅक्टरवर १३ वर्षांखालच्या मुलाला चालवायलाच काय, बसायलाही कायद्याने बंदी आहे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २००१ च्या शेतीविषयक कराराने धोक्याच्या कामासाठी १८ वर्षांची अट घातली. योग्य प्रशिक्षण आणि पूर्ण संरक्षण असेल, तरच ती १६ पर्यंत खाली आणायची मुभा दिली. उत्तर अमेरिकेत १९९९ मध्ये शेतीकामांसाठी जी मार्गदर्शक सूत्रं तयार झाली, त्यांत मला आवडलेली गोष्ट म्हणजे ती वयावर थांबत नाहीत. प्रत्येक कामासाठी वेगळे प्रश्न विचारतात: पाठ टेकून पाय पोचतो का, पेडल पूर्ण दाबून धरता येतं का, सांगितलेल्या पायऱ्या क्रमाने लक्षात राहतात का, मोठ्या माणसाची नजर किती वेळ लागणार? हे प्रश्न प्रत्येक मुलाला वेगळे लागू पडतात. सारख्याच वयाच्या दोन भावंडांचीही उत्तरं निराळी येतील.

पाय पोचला, ताकद आली, तरी एक गोष्ट उरते. सगळ्यात अवघड तीच.

ट्रॅक्टर मागच्या मागे कसा उलटतो ते बघू. इंजिनाचा पीळ, म्हणजे चाक फिरवणारा जोर, मागच्या ॲक्सलवर येतो आणि एरवी चाकं फिरतात. चाकं चिखलात पक्की रुतली, किंवा बाहेर काढायला कुणी त्यांच्यापुढे लाकडाचा ओंडका टाकला, की ती फिरू शकत नाहीत. पीळ मात्र कुठेतरी जायलाच हवा. मग ॲक्सल जागच्या जागी राहतो आणि त्याच्याभोवती ट्रॅक्टरचं धूडच फिरायला लागतं, म्हणजे नाक वर उचललं जातं. पहिल्या गिअरमध्ये हा पीळ सर्वात जास्त असतो, त्यामुळे "हळूच चालवतोय, काय होणार" हा समज इथे घात करतो. ओढायची साखळी हुकाऐवजी वर कुठेतरी, ॲक्सलला किंवा सीटखाली बांधली तरी हेच होतं, कारण ओढ मागे आणि खाली बसते. नाक उचलायला लागल्यापासून परत न येण्याच्या टोकापर्यंत साधारण पाऊण सेकंद जातो. पुढचं काम गुरुत्वाकर्षण करतं. अचानक काही घडल्यावर ते ओळखून पाय पेडलवर न्यायला कसलेल्या चालकालाही सेकंदभर लागतो.

म्हणजे तिथे चपळाई कुणालाच वाचवत नाही. वाचवतं ते आधी सुचणं: साखळी कुठे अडकवली, चाक किती रुतलंय, आता उलट्या गिअरमध्ये मागे घ्यावं की उतरून कुणाला हाक मारावी. पुढचं ओळखण्याचं आणि मोह आवरण्याचं हे काम मेंदूच्या कपाळामागच्या भागाकडे असतं, आणि नेमका तोच भाग सर्वात उशिरा, विशीच्या मध्याला पक्व होतो. हात-पाय तेराव्या-चौदाव्या वर्षी झपाट्याने शिकतात. मूल ट्रॅक्टर सफाईने फिरवतं आणि आपण फसतो. हातांची सफाई पाहून आपण डोक्याची तयारी गृहीत धरतो.

२००५ मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग प्रत्येक पालकाने लक्षात ठेवावा असा आहे. लॉरेन्स स्टाइनबर्ग आणि मार्गो गार्डनर या मानसशास्त्रज्ञांनी ३०६ जणांना संगणकावर गाडी चालवायचा खेळ दिला, काहींना एकट्याने आणि काहींना सोबत्यांसमोर. २४ वर्षांवरच्यांच्या वागण्यात सोबत्यांमुळे फारसा फरक पडला नाही. १३ ते १६ वयोगटातली मुलं मात्र बरोबरीचं कुणी बघत असलं की ठळकपणे जास्त धोका पत्करू लागली. शेतावर याचा अर्थ सरळ आहे. शिकणारं मूल ट्रॅक्टरवर असताना मित्र-भावंडं बांधावर नकोत, आणि मडगार्डवर तर कुणीच नको, मोठं माणूसही नको. एक सीट म्हणजे एकच माणूस. लेकराला मांडीवर घेऊन स्टिअरिंग हातात देणं हे शिकवणं मुळीच नव्हे. एका खड्ड्यात हात सुटतो आणि मागचं चाक लगेच शेजारी असतं.

मी पुतणीला शिकवायला घेतलं तेव्हा ती चौदा वर्षांची होती. पहिले दोन दिवस इंजिन सुरूच केलं नाही. नव्या माणसाच्या मनात एका वेळी तीन-चार गोष्टीच मावतात, आणि इंजिनाचा आवाज, थरथर, भीती यांत त्याही निसटतात. ट्रॅक्टरभोवती फेरी, चाकाखाली-मागे कुणी नाही ना ते बघणं, सीटवर बसून पट्टा लावणं, न्यूट्रल, ब्रेक. उतरताना उलटा क्रम: अवजार जमिनीवर, ब्रेक लावलेला, इंजिन बंद, चावी खिशात. डोळे मिटून हात बरोबर पेडल-दांड्यांवर जाईपर्यंत हेच. पट्टा मात्र डोक्यामागे लोखंडी कमान, म्हणजे ट्रॅक्टर उलटला तरी चालकापुरती जागा राखणारी चौकट, असलेल्या ट्रॅक्टरवरच लावायचा. कमान नसेल तर पट्टा माणसाला खाली अडकवतो. शिकाऊ मूल बिनकमानीच्या ट्रॅक्टरवर बसवूच नये, असं माझं ठाम मत आहे. स्वीडनने १९५९ मध्ये नव्या ट्रॅक्टरांना ही कमान सक्तीची केली, आणि उलटून होणारे मृत्यू तिथे पुढच्या काही दशकांत जवळजवळ संपले.

तिसऱ्या दिवशी इंजिन सुरू. सपाट मोकळं रान, मागे काहीही जोडलेलं नाही, सर्वात हळू गिअर, कानांवर आवाज अडवणारी टोपणं. मी कडेला, वळणाच्या बाहेर, तिला सतत दिसेन असा उभा. जमिनीवरून मी ट्रॅक्टर थांबवू शकत नव्हतो, म्हणून पहिला धडा एकच: माझा हात वर गेला की थांबायचं. वीसपैकी वीस वेळा जमेपर्यंत वळण नाही, गिअर बदलणं नाही. सत्रं वीस-वीस मिनिटांची, दिवसाआड. एका दुपारी दोन तास घोटण्यापेक्षा असा थोडा-थोडा सराव मेंदूत पक्का बसतो. पुढे वळणं आली तेव्हा तिला मोठ्याने बोलत चालवायला लावलं: "पुढे चारी आहे, आधी वेग कमी करते, मग वळते." वेग दुप्पट झाला तर वळणावर बाहेर ढकलणारा जोर चौपट होतो, हे तिला गणितातून माहीत होतं. ते तिच्या तोंडून आपोआप यायला तीन आठवडे लागले. मधेच मी विचारायचो, आत्ता डावं चाक खड्ड्यात गेलं तर? उत्तर अडखळलं की त्या दिवशी तिथेच थांबायचो.

फिरत्या शाफ्टवर, म्हणजे ट्रॅक्टरची ताकद मागच्या अवजाराला देणाऱ्या दांड्यावर, चालणारी यंत्रं, रोटाव्हेटर असो की मळणी यंत्र, मी सोळाच्या आत कुणाच्या हाती देणार नाही. रस्ता तर परवाना मिळेपर्यंत नाहीच. पण शाफ्टची ओळख मात्र मी तिला लवकर करून दिली, कारण न चालवणारी मुलंही त्याच्या आसपास वावरतात. तो मिनिटाला ५४० फेरे घेतो. हा आकडा ऐकून तिच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही. मग शाफ्टएवढ्या जाडीचा, साडेसात सेंटिमीटरचा पाइप घेतला आणि तिला त्यावर सुतळीचे नऊ वेढे द्यायला सांगितले. ५४० भागिले ६०, म्हणजे सेकंदाला नऊ. सुतळी सोडवून तिने पायाखाली एक टोक धरलं आणि दुसरं वर ओढलं. ते डोक्यावरून हातभराहून जास्त वर गेलं.

"एवढी एका सेकंदात?" तिने विचारलं. मग तिने आपल्या सदऱ्याच्या बाहीचं सुटलेलं बटण लावून टाकलं.