कावा

कावा : पॅसिफिक महासागरातील बेटांवर पायपर मेथिस्टिकम या झुडपाचे मूळ पाण्यात कुस्करून केलेले शामक पेय, झुडपालाही हेच नाव आहे. फिजीत त्यास यंगोना, हवाईत आवा व मायक्रोनेशियातील पोनपेई बेटावर साकाउ म्हणतात. झुडूप आपल्या मिरवेल व नागवेलीच्या वंशातील. पाने हृदयाकृती, मात्र ते आधारावर न चढता बांबूसारखे पेरेदार खोडांचे बेट करून 2–3 मी. वाढते. ‘गनिमी कावा’ किंवा काश्मिरी कहवा यांच्याशी नावाचा संबंध नाही.

मूलस्थान : योहान राइनहोल्ड व गेओर्ग फोर्स्टर हे निसर्गशास्त्रज्ञ पितापुत्र दर्यावर्दी कॅप्टन जेम्स कुकच्या दुसऱ्या सफरीत (1772–75) होते, शास्त्रीय नाव गेओर्गने 1786 मध्ये रूढ केले. मूलस्थान न्यू गिनी मानण्याचा जुना प्रघात होता. संशोधक व्हँसाँ लबो व त्यांच्या सहकाऱ्यांनी वाणांची रासायनिक व विकरविषयक (एन्झाइमांची) तुलना करून उत्तर व्हानुआतूच्या बाजूने कौल दिला. सर्वाधिक वाणवैविध्य तेथेच आढळते आणि पायपर विचमानी हा रानटी पूर्वजही तेथे मिळतो, त्यामुळे हे मत अधिक ग्राह्य वाटते. लागवडीस आणल्याचा काळ मात्र अंदाजानेच, सुमारे 3,000 वर्षांपूर्वी किंवा त्यानंतरचा, धरावा लागतो. लागवडीतील कावा दशगुणित (गुणसूत्रांचे दहा संच असलेला) व वंध्य असून त्याला बी धरत नाही. म्हणजे त्याचा प्रत्येक बेटावरील प्रवास माणसाने नेलेल्या खोडाच्या तुकड्यांतूनच झाला. ‘कडू’ या अर्थाच्या शब्दावरून नाव पडले असे सांगतात. भाषाशास्त्रज्ञ जॉन लिंच यांनी ‘प्रभावी मूळ’ हा आद्य अर्थ सुचविला आहे.

तयारी : झुडूप 3–5 वर्षांचे झाल्यावर खणतात. फिजीत बारीक उपमुळांना वाका व जाड गड्ड्याला लेवेना म्हणतात. वाका जास्त जोरकस व महाग. माती धुऊन, गड्डा सोलून, कापे उन्हात वाळवितात. 5 किग्रॅ. ओल्या मुळाचे सुमारे 1 किग्रॅ. सुके मूळ मिळते. आर्द्रता 12 टक्क्यांच्या आत न आल्यास पोत्यात बुरशी धरते. पाने व खोडाची साल यांत पायपरमेथिस्टीन हे अपायकारक मानले जाणारे अल्कलॉइड असते, म्हणून ती वगळतात; वजन वाढविण्यासाठी खोडाची भेसळ हा व्यापारातील नेहमीचा दोष आहे.

पूड पातळ कापडाच्या पुरचुंडीत बांधून, 1 लि. थंड पाण्यास साधारण 100 ग्रॅ. या प्रमाणात, तानोआ या लाकडी परातीत 5–10 मिनिटे मळतात व पिळतात. पाणी मातकट, चिखलासारखे दिसू लागले की झाले. गुण देणारी कावालॅक्टोने पाण्यात जवळजवळ विरघळत नाहीत, ती बारीक कणांवर तरंगत राहतात. म्हणून मळणे महत्त्वाचे आणि प्रत्येक बिलो (करवंटी) भरण्यापूर्वी ढवळणेही. न ढवळल्यास पहिल्याला पाणी आणि शेवटच्याला गाळ मिळतो. पाणी कढत घेतल्यास मुळातील स्टार्च फुगून खळ होते व कापडाची छिद्रे बुजतात. चोथा दुसऱ्यांदा पिळता येतो, पण रस फिका निघतो. पोनपेईत ओले मूळ बेसाल्टच्या पाट्यावर दगडांनी कुटून जास्वंदवंशीय झाडाच्या ओल्या अंतर्सालीत पिळतात. तो रस बुळबुळीत व फार तीव्र असतो. मूळ चावून थुंकण्याची पद्धत पूर्वी पॉलिनीशियात रूढ होती. किण्वनामुळे नशा येते हा जुना समज चुकीचा आहे. कावा आंबवीत नाहीत, त्यात अल्कोहॉल नसते.

परिणाम : घोट घेताच जीभ बधिरते, मग स्नायू सैलावतात. सहा प्रमुख कावालॅक्टोनांच्या प्रमाणानुसार वाणांना सहा अंकी संकेत देतात. रोजच्या पिण्यास ‘नोबल’ वाण योग्य. ‘टूडे’ (इंग्रजी ‘टू डे’, म्हणजे दोन दिवस) वाणांची मळमळ व सुस्ती दोन दिवस टिकते, नावही त्यावरूनच. दीर्घकाळ अतिसेवनाने त्वचा कोरडी, खवलेदार होते. सेवन थांबविल्यास ती पूर्ववत होते. यकृतविकाराच्या तक्रारींवरून जर्मनीने 2002 मध्ये कावायुक्त औषधांचे परवाने काढून घेतले. न्यायालयाने 2014 मध्ये तो निर्णय रद्द ठरविला. त्या तक्रारी प्रामुख्याने अल्कोहॉल वा ॲसिटोनने काढलेल्या अर्कांविषयी होत्या.

फिजीत नेलेल्या गिरमिटियांच्या (करारबद्ध भारतीय मजुरांच्या, 1879–1916) वंशजांतही हे पेय रुळले असून ते त्यास ‘ग्रॉग’ म्हणतात.