दिव्यांग वृद्धांची गृहशुश्रूषा

अपंगत्वामुळे उठणे-बसणे, आंघोळ, शौच, जेवण अशा रोजच्या गोष्टींना दुसऱ्याचा हात लागतो अशा वृद्ध व्यक्तीची राहत्या घरी घेतली जाणारी काळजी. तिच्यात औषधपाणी, जखमेची निगा, व्यायाम हा वैद्यकीय भाग आणि अंग पुसणे, कूस बदलणे, भरवणे, सोबत बसणे हा शुश्रूषेचा भाग, असे दोन्ही येतात. घरात या दोहोंच्या मध्ये रेघ ओढता येत नाही. भारतात हे काम जवळजवळ सर्वस्वी कुटुंबाच्या अंगावर आहे. रुग्णालय काही दिवसांत कागद हातात देऊन मोकळे होते, पुढची वर्षे घराला काढावी लागतात.

या वृद्धांचे दोन गट पडतात आणि त्यांच्या गरजा सारख्या नसतात. पहिला गट म्हातारपणी अपंग झालेल्यांचा: अंगावरून वारे गेलेले, खुब्याचे हाड मोडलेले, पार्किन्सन, स्मृतिभ्रंश, मधुमेहाने पाय किंवा दृष्टी गमावलेले. दुसरा गट अपंगत्व घेऊनच म्हातारे झालेल्यांचा. त्याच्याकडे फारसे कुणाचे लक्ष जात नाही. भारतात पोलिओचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी हावड्यात नोंदला गेला, पण त्याआधीच्या दशकांत लहानपणी पोलिओ झालेली अनेक माणसे आज साठीच्या आसपास किंवा पुढे आहेत. त्यांच्यापैकी अनेकांना कित्येक वर्षे स्थिर असलेल्या स्नायूंत नव्याने अशक्तपणा येतो, थकवा येतो, चांगला समजला जाणारा पायही दगा देऊ लागतो. अशांना ‘व्यायाम वाढवा’ हा सर्रास दिला जाणारा सल्ला अपायकारक ठरू शकतो, कारण उरलेले स्नायू आधीच जास्तीचा भार वाहत असतात. आयुष्यभर कुबड्यांवर चाललेल्यांचे खांदे झिजतात. डाउन सिंड्रोम हा जन्मजात गुणसूत्रदोष असलेल्यांत अल्झायमर चाळिशी-पन्नाशीतच दिसू लागतो, त्यामुळे त्यांचे ‘म्हातारपण’ वयाच्या साठ वर्षांची वाट पाहत नाही. मणक्याला मार लागलेले सैनिक पुण्यातल्या खडकीच्या पॅराप्लेजिक (कमरेखाली लुळे पडलेल्यांच्या) पुनर्वसन केंद्रात वर्षानुवर्षे राहतात. नागरी जीवनातल्या अशाच रुग्णांना बहुधा घराच्या चार भिंतींचाच आधार असतो.

२०११ च्या जनगणनेत देशात साठीवरचे सुमारे १० कोटी ३८ लाख लोक होते, आणि २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्तींपैकी साधारण पाचवा हिस्सा साठीवरच्यांचा होता. ही मोजणी प्रत्यक्ष गरजेपेक्षा बरीच कमी भरते. ऐकू न येणे, गुडघे न वाकणे, विसरणे यांना घरचे लोक ‘वय झाले’ म्हणतात आणि प्रगणकाला अपंगत्व म्हणून सांगत नाहीत. २०१७–१८ च्या ‘लासी’ या वृद्धत्वावरच्या राष्ट्रीय पाहणीत थेट ‘कपडे घालता येतात का, शौचाला जाता येते का’ असे विचारले, तेव्हा साठीवरच्यांतील सुमारे चौथ्या हिश्श्याने यातल्या किमान एका गोष्टीत अडचण सांगितली.

परावलंबन कसे मोजतात

वैद्यकात त्यासाठी साध्या मोजपट्ट्या आहेत. कॅट्झ यांची सूची (१९६३) आंघोळ, कपडे, शौचालय, उठणे-हलणे, लघवी-शौचावरचा ताबा आणि जेवण या सहा गोष्टी पाहते. बार्थेल निर्देशांक (१९६५) शून्य ते शंभर गुण देतो. दोन्हींचा प्रश्न एकच: हे माणूस स्वतः करते का, आणि नसेल तर किती मदत लागते? भारतातले अपंगत्वाचे प्रमाणपत्र मात्र टक्क्यांत बोलते आणि अवयवाच्या किंवा इंद्रियाच्या हानीवर भर देते. घराला कळीचा आकडा दुसराच असतो, दिवसातले किती तास कुणीतरी हाताशी हवे याचा. पंचेचाळीस टक्क्यांचा अर्धांगवायू असलेला तरतरीत गृहस्थ दिवसभर एकटा राहू शकतो. उलट स्मृतिभ्रंशाची, हातपाय धडधाकट असलेली आजी पाच मिनिटेही एकटी ठेवता येत नाही, कारण ती गॅस चालू करते आणि दार उघडून निघून जाते.

अंथरुणावरची निगा

शय्याव्रण, म्हणजे बोलीत बेडसोर, हा या शुश्रूषेचा सर्वांत कठीण भाग. हाडाच्या उंचवट्यावर दाब पडत राहिला की कातडीचा रक्तपुरवठा तुटतो. माकडहाडाच्या वरचा भाग, टाचा, खुबे, घोटे आणि डोक्याची मागची बाजू ही नेहमीची ठिकाणे. सुरुवातीला नुसता लालसर डाग दिसतो, बोट दाबूनही तो फिका होत नाही. सावळ्या कातडीवर लाली दिसतही नाही, म्हणून हाताने चाचपून गरम किंवा कडक लागते का ते पाहावे लागते. साधारण दर दोन तासांनी कूस बदलणे हा मूळ उपाय. हवेची गादी दाब कमी करते, पण कूस बदलण्यातून सुटका करत नाही, आणि ती आणल्यावर ‘आता काळजी नाही’ असे वाटणे हाच तिचा मोठा धोका. घरोघरी दिसणारी रबराची गोल रिंग टाळलेली बरी, कारण तिच्या कडेवर दाब एकवटतो. लाल झालेल्या जागेला तेल चोळणेही टाळावे, खालची नाजूक पेशीजाळी त्याने आणखी फाटते. जखम भरायला प्रथिने लागतात. पेज आणि वरणाच्या पाण्यावर ठेवलेल्या रुग्णाची जखम भरत नाही, हे अनेकदा सांगावे लागते.

गिळण्याचा त्रास पक्षाघात, पार्किन्सन आणि स्मृतिभ्रंशात सामान्य आहे. आडवे असताना पाणी पाजले तर ते श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होतो. म्हणून सरळ बसवून, हनुवटी किंचित खाली ठेवून, लहान घास द्यायचे आणि जेवणानंतर अर्धा तास तरी आडवे करायचे नाही. पाण्यापेक्षा दाट पेय गिळायला सोपे जाते. जेवताना किंवा नंतर येणारा खोकला आणि ओलसर घोगरा आवाज यांकडे दुर्लक्ष होते. तोंडाच्या सफाईकडेही होते, वास्तविक अस्वच्छ तोंडातले जंतूच फुफ्फुसात उतरतात.

लघवीचा प्रश्न जितका शरीराचा तितकाच संकोचाचा आहे. सुनेला किंवा मुलाला रात्री उठवावे लागू नये म्हणून कित्येक वृद्ध, विशेषतः बायका, संध्याकाळपासून पाणीच पीत नाहीत. परिणामी बद्धकोष्ठता होते, मूत्रमार्गाला संसर्ग होतो, शरीर कोरडे पडते. वृद्धांत या संसर्गाला ताप येईलच असे नाही, एकाएकी वाढलेला गोंधळ, बडबड किंवा सुस्ती हीच पहिली खूण असू शकते. लघवीसाठी नळी (कॅथेटर) घातलेली असेल तर तिची पिशवी नेहमी मूत्राशयाच्या पातळीखाली हवी. उचलताना ती रुग्णाच्या पोटावर ठेवण्याची सवय घातक आहे. मणका छातीच्या वरच्या भागात किंवा मानेत दुखावलेल्यांची नळी तुंबली तर रक्तदाब अचानक चढतो, डोके ठणकते, घाम फुटतो. ही तातडीची अवस्था आहे: बसते करणे, नळीचा पीळ काढणे आणि लगेच डॉक्टर गाठणे, याच क्रमाने हालचाल करावी लागते.

उचलण्याचीही रीत आहे. पक्षाघाताच्या रुग्णाला लुळ्या हाताला धरून ओढले की खांदा निखळतो. चाकाची खुर्ची त्याच्या चांगल्या बाजूला लावायची, ब्रेक लावायचे, पाय ठेवायच्या पट्ट्या वर करायच्या, मग उठवायचे. पलंगावर वर सरकवायला कमरेखाली आडवी चादर घालून ती दोघांनी ओढली तर रुग्णाची कातडी आणि उचलणाऱ्याची कंबर दोन्ही वाचतात.

घर

गावाकडचा उंच उंबरठा आणि परसदारी बांधलेला संडास, चाळीतले सामायिक शौचालय, मुंबईतल्या लिफ्ट नसलेल्या चार मजली इमारती, आणि लिफ्ट असली तरी ती गाठायला चढाव्या लागणाऱ्या पाच पायऱ्या: अपंगत्वाचा मोठा भाग इथे तयार होतो. तिसऱ्या मजल्यावरचा माणूस खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर चालू लागूनही वर्षानुवर्षे खाली उतरत नाही. बहुतेक पडझड मोरीत, शौचालयात आणि रात्री पलंगावरून उठताना होते. कमोडची खुर्ची, भिंतीत पक्की बसवलेली दांडी, मोरीत प्लॅस्टिकची घट्ट खुर्ची, रात्रीचा मंद दिवा, सैल गालिचे काढून टाकणे यांचा खर्च एका अस्थिभंगाच्या तुलनेत नगण्य असतो. टॉवेल अडकवायच्या दांडीला धरून उठणे हे मात्र पडण्याचे हमखास कारण. उतार बांधायचा तर एक फूट उंचीला बारा फूट लांबी हे प्रमाण धरतात. दुकानापुढचे आखूड, तीव्र उतार चाकाच्या खुर्चीसाठी कामाचे नसतात. अंध वृद्धाच्या घरी काही बांधावे लागत नाही, फक्त सामानाची जागा बदलायची नाही, आणि हेच पाळले जात नाही.

महाराष्ट्रातल्या अनेक शहरांत मंडळे, ज्येष्ठ नागरिक संघ आणि देवस्थाने रुग्णोपयोगी साहित्य अनामत ठेवून वापरायला देतात: वर-खाली होणारा पलंग, वॉकर, चाकाची खुर्ची, प्राणवायूचे यंत्र. सरकारी योजनांपेक्षा ही सोय लवकर हाती लागते, कारण तिला प्रमाणपत्र लागत नाही.

काळजी घेणारे

प्रत्यक्षात हे काम बायको, सून किंवा मुलगी करते. बायको स्वतः सत्तरीची असते. नोकरी सोडणारी व्यक्तीही बहुधा तीच, आणि तिच्या तासांची मोजदाद कुठेच होत नाही. मुले पुण्यात, बंगळुरात किंवा अमेरिकेत असतील तर पैसा येतो, हात येत नाहीत. तेव्हा माणूस पुरवणाऱ्या ब्युरोतून ‘मावशी’ किंवा ‘मामा’ आणतात, बारा तासांच्या पाळीवर किंवा चोवीस तासांसाठी. त्यांच्यापैकी काहींनी जनरल ड्यूटी असिस्टंटचा (रुग्णसेवेतल्या मदतनीसाचा) अभ्यासक्रम केलेला असतो, बाकीच्या पहिल्या रुग्णावरच शिकतात. इन्सुलिन टोचणे, नळीतून अन्न देणे अशी परिचारिकेची कामेही त्यांच्यावर येऊन पडतात. महाराष्ट्रात शुश्रूषागृहांच्या नोंदणीचा १९४९ चा कायदा आहे, पण त्याचा रोख जिथे रुग्ण ठेवले जातात त्या जागेवर आहे, घरी माणूस पुरवणाऱ्या ब्युरोवर नाही. त्यामुळे रुग्णाला दगाफटका झाला किंवा मावशीचे पैसे बुडाले, दोन्हीकडे तक्रारीची जागा अस्पष्ट राहते. चोवीस तासांची बाई झोपते केव्हा, हा प्रश्न तिला कामाला ठेवणारे घर क्वचितच विचारते.

मतिमंदत्व किंवा सेरेब्रल पाल्सी असलेल्या प्रौढांच्या घरी चित्र उलटे असते: ऐंशीची आई पन्नाशीच्या मुलाला आंघोळ घालते. ‘आमच्यामागे याचे काय’ या प्रश्नासाठी १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने कायदेशीर पालक नेमण्याची सोय केली, आणि न्यासाच्या ‘निरामय’ विम्यात एक लाख रुपयांपर्यंतच्या संरक्षणात बाह्यरुग्ण उपचार व थेरपीही येतात. पालक नेमला म्हणजे आंघोळ घालणारा मिळाला असे मात्र होत नाही.

कायदा आणि योजना

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ ने मान्य अपंगत्वांची संख्या ७ वरून २१ केली. पार्किन्सनचाही त्यात समावेश झाला. सवलतींसाठी ४० टक्क्यांची अट आहे. याच कायद्याच्या कलम २४ मध्ये जास्त मदत लागणाऱ्यांसाठी काळजीवाहकाच्या भत्त्याचा उल्लेख आहे, आणि या सगळ्या तरतुदींत घराच्या सर्वांत जवळ जाणारी तीच. केरळने ‘आश्वासकिरणम’ योजनेत अंथरुणाला खिळलेल्यांची काळजी घेणाऱ्यांना दरमहा ६०० रुपये ठरवले. रक्कम तोकडी आहे, पण ती रुग्णाला नव्हे तर सांभाळणाऱ्याला दिली जाते.

बाकी योजना वस्तूंकडे किंवा रुग्णालयाकडे वळतात. केंद्राची राष्ट्रीय वयोश्री योजना (२०१७) काठी, वॉकर, श्रवणयंत्र, चष्मा, कवळी, चाकाची खुर्ची देते. महाराष्ट्राच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत (२०२४) ६५ वर्षांवरील गरजूंच्या खात्यात अशा साधनांसाठी एकदाच ३,००० रुपये जमा होतात. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीवरच्या सर्वांना आयुष्मान भारतचे पाच लाखांचे संरक्षण मिळाले, ते दाखल होऊन घ्यायच्या उपचारांपुरते. डायपर, गादी, मावशीचा पगार त्यात बसत नाही, आणि खासगी आरोग्य विम्यातही बहुधा बसत नाही. केंद्राच्या अपंग निवृत्तिवेतनाला ८० टक्के अपंगत्व लागते आणि केंद्राचा वाटा ३०० रुपये आहे. मोठ्यांच्या डायपरचे एखादे पाकीट त्यात येते. महाराष्ट्रात संजय गांधी निराधार आणि ६५ वर्षांवरील गरिबांसाठी श्रावणबाळ योजना, गोव्यात दयानंद सामाजिक सुरक्षा योजना यांचे मासिक अनुदान असते. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली न्यायाधिकरण मुलांकडून निर्वाहखर्च मिळवून देऊ शकते. सेवा मिळवून देणे त्याच्या आवाक्याबाहेरचे आहे.

घरापर्यंत येणारी सरकारी आरोग्यसेवा कागदावर आहे. वृद्धांच्या आरोग्यसेवेचा राष्ट्रीय कार्यक्रम (२०१०–११) अंथरुणावरच्यांना गृहभेटी सांगतो. आरोग्य उपकेंद्रांच्या मार्गदर्शक सूचना वृद्धांचे हिंडते-फिरते, मर्यादित हालचालीचे आणि अंथरुणावरचे असे तीन गट करून तिसऱ्याकडे आधी जायला सांगतात. हा विचार योग्य आहे. पण माता-बालकांपासून क्षयरोगापर्यंत सगळ्या मोहिमा सांभाळणाऱ्या आशाताईंच्या यादीत शेवटी काय उरते ते गावाला ठाऊक असते.

केरळमध्ये हे वेगळ्या वाटेने घडले. कोळिकोड आणि मलप्पुरममध्ये कर्करुग्णांसाठी सुरू झालेल्या वेदनाशामक सेवेत शेजारपाजारचे स्वयंसेवक आले, पक्षाघात आणि मणक्याच्या दुखापतीचे रुग्णही आले. २००८ च्या राज्य धोरणानंतर पंचायती परिचारिका आणि गाडी पुरवू लागल्या. परिचारिका घरी येते, नळी बदलते, जखम पाहते आणि घरच्यांना करून दाखवते. जपानने २००० मध्ये चाळिशीपासून हप्ता घेणारा दीर्घकालीन शुश्रूषा विमा सुरू केला. त्यात मदतीची गरज सात पातळ्यांत ठरते आणि पातळीनुसार सेवा मिळते: घरी येणारी मदतनीस, दिवसाचे केंद्र, घरच्यांना विसावा म्हणून थोड्या दिवसांचा मुक्काम, एवढेच नव्हे तर टब घेऊन घरी येणारे आंघोळीचे पथकही. घरच्यांना विसावा देणाऱ्या अल्पमुक्कामाची सोय महाराष्ट्रात काही खासगी शुश्रूषा केंद्रांत आहे. तिथले शुल्क दिवसाच्या हिशेबाने असते आणि मध्यमवर्गालाही ते आठ-पंधरा दिवसांपलीकडे पेलत नाही.