दोन वेगांचे पट्टे आणि लंगडणारं पाऊल

स्ट्रोक येऊन सहा महिने उलटले की रुग्णाभोवती एक वाक्य फिरू लागतं: ‘आता जे यायचं ते आलं.’ नातेवाईक म्हणतात, कधी कधी डॉक्टरही म्हणतात, आणि व्यायाम हळूहळू बंद पडतो. पहिल्या काही आठवड्यांत सुधारणा झपाट्याने होते आणि पुढे मंदावते, हे खरंच आहे. पण मंदावणं म्हणजे थांबणं नव्हे.

अमेरिकेतल्या ‘लीप्स’ या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २०११ साली प्रसिद्ध झाले. त्यात ४०८ रुग्ण होते. एका गटाला स्ट्रोकनंतर दोन महिन्यांनी ट्रेडमिलवर चालवलं. हार्नेसने शरीराचं थोडं वजन वर तोलून धरलेलं आणि पाऊल नीट पडावं म्हणून थेरपिस्ट मदतीला. दुसऱ्या गटाला हेच सहा महिन्यांनी दिलं. तिसऱ्या गटाने फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली घरीच ताकदीचे आणि तोल सांभाळण्याचे व्यायाम केले. स्ट्रोकला वर्ष पूर्ण होताना ५२ टक्के रुग्ण चालण्यात वरच्या पातळीवर पोचले होते आणि तिन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक नव्हता. उशिरा सुरुवात करणारेही मागे राहिले नाहीत. आणि महागड्या यंत्राने घरच्या व्यायामावर मात केली नाही! ‘मेंदूच्या तारा पुन्हा जोडणारा रोबोट’ असल्या जाहिराती पाहून कर्ज काढायला निघालेल्या कुटुंबांपर्यंत हा निष्कर्ष पोचायला हवा.

मग ट्रेडमिलचा उपयोग काय? एक म्हणजे थोड्या वेळात पुष्कळ पावलं पडतात. पण जमिनीवर कधीच करता येणार नाही अशी एक गोष्टही ट्रेडमिलवर करता येते, आणि मला तिचंच सर्वांत अप्रूप आहे.

काही प्रयोगशाळांतल्या ट्रेडमिलला दोन स्वतंत्र पट्टे असतात, प्रत्येक पायाखाली एक. धडधाकट माणसाला त्यावर उभं करून एक पट्टा दुसऱ्याच्या दुप्पट वेगाने सोडला, तर तो लगेच लंगडू लागतो. पावलाची लांबी म्हणजे पाऊल टेकतं त्या क्षणी दोन पायांमधलं अंतर. वेगवान पट्ट्यावरचा पाय पुढे टेकतो, तेव्हा दुसरा पाय संथ पट्ट्यावर असल्यामुळे फारसा मागे गेलेला नसतो. म्हणून ते पाऊल आखूड पडतं. संथ बाजूचं पाऊल टेकतं, तेव्हा मागचा पाय वेगवान पट्ट्याने बराच दूर नेलेला असतो. म्हणून ते लांब पडतं. दहा-पंधरा मिनिटांत मात्र, कुणीही काही न शिकवता, पावलं सारखी होऊ लागतात. आता दोन्ही पट्टे एकाच वेगाने चालवले की माणूस पुन्हा लंगडतो, पण उलट्या बाजूने. म्हणजे मेंदूने नवं गणित साठवून ठेवलेलं असतं.

हे गणित लहान मेंदू करतो. ज्यांच्या लहान मेंदूलाच इजा झाली आहे, त्यांचे पाय पट्ट्याच्या वेगाला तेवढ्यापुरती दाद देतात, पण ही सावकाश होणारी दुरुस्ती त्यांच्यात नीट घडत नाही आणि उलटं लंगडणंही फारसं दिसत नाही.

शरीराची एक बाजू लुळी पाडणाऱ्या बहुतेक स्ट्रोकमध्ये इजा मोठ्या मेंदूत किंवा तिथून खाली जाणाऱ्या चेतातंतूंमध्ये असते. लहान मेंदू शाबूत असतो. २००७ साली डार्सी रीसमन, एमी बॅस्टियन या संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचाच फायदा घेतला. रुग्णाचा जो पाय आखूड पाऊल टाकतो, तोच वेगवान पट्ट्यावर ठेवायचा. लंगडणं आणखी वाढतं. चूक ठळक झाली की लहान मेंदू ती हेरतो आणि दुरुस्तीला लागतो. मग पट्टे सारखे केले की पावलं बरीचशी समान पडतात! चूक वाढवून चूक दुरुस्त करण्याची ही कल्पना मला विलक्षण वाटते. एका बैठकीचा परिणाम थोडं चालल्यावर ओसरतो. आठवडेच्या आठवडे सराव केल्यावर मात्र काही रुग्णांत तो टिकलेला दिसला आहे.

साध्या ट्रेडमिलबद्दल २०१७ च्या कॉक्रेन आढाव्यात (वैद्यकीय चाचण्यांचे पुरावे एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या) ५६ चाचण्या एकत्र तपासल्या होत्या. आधाराशिवाय चालता येण्याची शक्यता ट्रेडमिलने वाढत नाही. चालण्याचा वेग मात्र सरासरी सेकंदाला सहाएक सेंटिमीटरने वाढतो, आणि हा फायदा मुख्यतः जे आधीच थोडंफार चालतात त्यांना होतो. आकडा किरकोळ वाटेल, पण सेकंदाला ४० सेंटिमीटरपेक्षा कमी वेग असलेला माणूस बहुधा घरातच अडकतो आणि ८० च्या पुढे गेलेला बाहेर मोकळेपणाने वावरतो. या मोजपट्टीवर सहा सेंटिमीटरही मोलाचे आहेत.

एक गोष्ट मात्र फिजिओथेरपिस्टशी आधीच बोलून घ्यावी. ‘लीप्स’मध्ये ज्यांचं चालणं फारच कमजोर होतं आणि ज्यांना लवकर ट्रेडमिलवर घेतलं, त्यांच्यात वारंवार पडण्याचं प्रमाण जास्त होतं. अशा रुग्णांसाठी तोल सांभाळण्याचे व्यायाम सोबत हवेतच.