स्त्री-जननेंद्रियांचे दुर्मीळ कर्करोग

गर्भाशयमुख, अंडाशय आणि गर्भाशयाचा अंतःस्तर यांच्या नेहमीच्या कर्करोगांखेरीज स्त्रीच्या जननेंद्रियांत क्वचितच उद्भवणाऱ्या कर्करोगांचा हा गट आहे. युरोपात रूढ झालेल्या व्याख्येनुसार दर लाख लोकसंख्येमागे वर्षाला 6 हून कमी नवे रुग्ण आढळणारा कर्करोग दुर्मीळ मानतात. भग (योनीभोवतीचा बाहेरचा भाग) व योनिमार्ग यांचे कर्करोग, अंडाशयातील जननपेशींची व ग्रॅन्युलोसा पेशींची (बीजांडाभोवतीच्या पेशींची) अर्बुदे म्हणजे गाठी, गर्भाशयाच्या स्नायूंचा सार्कोमा आणि वारेच्या पेशींपासून होणारा कोरिओकार्सिनोमा हे त्यांतील महत्त्वाचे प्रकार होत.

दुर्मीळ म्हणजे असाध्य, हा समज कोरिओकार्सिनोमा खोटा ठरवतो. द्राक्षगर्भानंतर (गर्भाऐवजी वारेच्या पेशींचे द्राक्षांसारखे घोस वाढणाऱ्या सदोष गर्भधारणेनंतर), गर्भपातानंतर, क्वचित सुखरूप बाळंतपणानंतरही तो उद्भवतो आणि झपाट्याने फुप्फुसांपर्यंत पोचतो. तरीही 1956 मध्ये मिन चिऊ ली व रॉय हर्ट्झ यांनी मेथोट्रेक्झेट या औषधाने तो आटोक्यात आणल्यापासून केवळ औषधांनी बरा होणारा कर्करोग म्हणून तो ओळखला जातो. आजार किती धोक्याचा आहे हे ठरवणारे गुणांकन 6 किंवा त्याहून कमी असलेल्या जवळजवळ सर्वच रुग्ण बऱ्या होतात, तर 7 किंवा अधिक गुण असल्यास अनेक औषधे एकत्र द्यावी लागतात आणि तरीही बहुसंख्य रुग्ण वाचतात. उपचारांचा परिणाम रक्तातील एचसीजीच्या, म्हणजे वारेच्या पेशी स्रवतात त्या संप्रेरकाच्या, पातळीवरून कळतो. द्राक्षगर्भ साफ केल्यावर ही तपासणी मध्येच सोडणे म्हणूनच घातक ठरते.

जननपेशींची अर्बुदे बहुधा मुलींना व तरुणींना होतात. बाधित अंडाशय काढून दुसरे व गर्भाशय राखता येते आणि रोग लवकर सापडल्यास यश 90 टक्क्यांहून अधिक असते. ग्रॅन्युलोसा पेशींचे अर्बुद सौम्य वाटते, पण 10 ते 20 वर्षांनीही उलटते. भगाचा कर्करोग पाळी गेलेल्या स्त्रियांत अधिक. खाजेवर मलमे लावण्यात, संकोचापायी, महिने जातात आणि तोवर तो जांघेतील लसिका ग्रंथींपर्यंत पोचलेला असू शकतो.

सर्वांत फसवा गर्भाशयाच्या स्नायूंचा सार्कोमा. शस्त्रक्रियेपूर्वी तो फायब्रॉइडपासून (गर्भाशयातील कर्करोग नसलेल्या गाठीपासून) खात्रीने वेगळा ओळखता येत नाही, आणि गाठ पोटातच बारीक करून काढल्यास त्याच्या पेशी विखुरतात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 2014 मध्ये तसा इशारा दिला. गर्भाशयापुरता मर्यादित असतानाही तो पुष्कळदा उलटतो.

कोल्हापूर जिल्ह्यात बायका ‘पिशवी काढली’ एवढेच सांगतात. काढलेली पिशवी विकृतिशास्त्र प्रयोगशाळेत तपासली का, हे घरच्यांना अनेकदा ठाऊक नसते. निदान मात्र तिथेच ठरते. शहरात छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, म्हणजे लोकांचे सीपीआर, हे मोठे सरकारी रुग्णालय असून महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगावरील अनेक उपचारांचा समावेश आहे. अवघड निदानासाठी रुग्ण महालक्ष्मी एक्सप्रेसने मुंबईच्या टाटा रुग्णालयाकडे जातात. शस्त्रक्रिया गडहिंग्लजला झालेली असो वा कोल्हापुरात, ऊतीचा मेणातला ठोकळा व तिचे पातळ काप लावलेल्या काचा सोबत न्याव्या लागतात, कारण अशा दुर्मीळ अर्बुदांच्या काचा अनुभवी तज्ज्ञाने पुन्हा पाहिल्यावर रोगाचे नाव, आणि त्याबरोबर औषधही, बदलू शकते.