फ्रीज थंड करत नाही? फोन करण्याआधी हे बघा

‘फ्रीज थंड करत नाही’ असा फोन आला की आम्ही आधी चार प्रश्न विचारतो. पुष्कळदा त्यातच दोष सापडतो आणि तुमचा व्हिजिट चार्ज वाचतो. तेच प्रश्न इथे लिहून दिले आहेत.

आधी वीज

दार उघडल्यावर आतला दिवा लागतो का? नसेल लागत, तर त्याच सॉकेटमध्ये मिक्सर लावून बघा. दिवा लागतो पण कॉम्प्रेसर गप्प असेल, तर थर्मोस्टॅटचा नॉब बघा. पातेलं आत सरकवताना धक्का लागून तो शून्यावर गेलेला असतो. आकडा मोठा तेवढी थंडी जास्त. खालच्या कप्प्यात ४ अंशांच्या आसपास आणि फ्रीजरमध्ये उणे १८ अंश एवढं तापमान हवं.

मागून ‘टक्’ आवाज येतो, कॉम्प्रेसर क्षणभर गुरगुरतो आणि बंद पडतो, पुन्हा थोड्या वेळाने तेच? घरातले दिवे मंद असतील तर व्होल्टेज कमी आहे. फ्रीज लगेच बंद करा. व्होल्टेज ठीक असूनही आवाज चालूच राहिला, तर रिले किंवा कॉम्प्रेसर तपासावा लागेल, तिथे आम्हाला बोलवा. लाइट जाऊन आली की साधा फ्रीज पाच मिनिटं थांबूनच लावा. आतला दाब समान व्हायला तेवढा वेळ लागतो. चांगला स्टॅबिलायझर हे आपणहून करतो.

फ्रीजला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर प्लग काढा आणि अर्थिंग तपासून घेतल्याशिवाय पुन्हा लावू नका. यात एक दिवसही ढकलू नका, घरात लहान मुलं असतात.

थंडी कमी पडते

फ्रीज भिंतीला टेकवलेला नको, मागे वीतभर जागा सोडा. मागची काळी जाळी धुळीने भरली असेल तर प्लग काढून कोरड्या ब्रशने झाडा. नवीन फ्रीजना ही जाळी दिसत नाही. ते पाइप बाजूच्या पत्र्याच्या आत असतात, म्हणून दोन्ही बाजू तापतात. हा बिघाड नाही.

दाराच्या रबरात दहा रुपयांची नोट अडकवून दार लावा आणि ओढा. सहज निघाली तर तिथून थंडी बाहेर जाते. चारही बाजूंना असं करून बघा. पावसाळ्यात रबराच्या घड्यांत काळी बुरशी धरते. कोमट साबणाच्या पाण्यात जुना टूथब्रश बुडवून ती काढा. रबर कडक झालं असेल तर गरम पाण्यात पिळलेल्या फडक्याने शेकलं की थोडं मऊ होतं. फाटलेलं मात्र बदलावंच लागतं.

पाणी साचतं

भाजीच्या ट्रेखाली पाणी आलं की आतल्या मागच्या भिंतीच्या तळाशी असलेलं छोटं भोक बघा. कोथिंबिरीच्या काड्यांनी ते तुंबतं. स्ट्रॉने हलकेच मोकळं करा आणि थोडं कोमट पाणी सोडा. ते पाणी मागच्या ट्रेमध्ये जातं. हा ट्रे आठवड्यातून एकदा रिकामा करून घासा. डेंगीचा डास अशाच साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो.

बर्फ

एका दाराच्या फ्रीजमध्ये बर्फाचा थर बोटभर होऊ देऊ नका, आधीच डीफ्रॉस्टचं बटण दाबा. सुरी, उलथणं, स्क्रूड्रायव्हर कधीही वापरू नका. फ्रीजरचा पत्रा ॲल्युमिनियमचा असतो आणि त्यातच गॅसच्या वाटा असतात. एक टोचा आणि शे-दोनशेचा खर्च हजारांवर जातो. हल्लीच्या बऱ्याच फ्रीजमध्ये आर-६००ए हा ज्वलनशील गॅस असतो, मागच्या स्टिकरवर तसं लिहिलेलं असतं. टोचा बसून फुस्स आवाज आलाच तर काडी ओढू नका, कुठलंही बटण चालू-बंद करू नका, खिडक्या उघडा.

दोन दारांच्या फ्रीजमध्ये वर बर्फ जमतो पण खाली दूध नासतं, तेव्हा हवेची वाट आतल्या बर्फाने बुजलेली असते. सामान काढून, दारं उघडी ठेवून फ्रीज एक दिवस बंद ठेवा. आठ-पंधरा दिवसांत पुन्हा तसंच झालं तर बर्फ वितळवणारा हीटर किंवा त्याचा सेन्सर गेला आहे.

‘गॅस संपलाय’ कुणी म्हणालं तर

हे नीट वाचा, कारण लोक सगळ्यात जास्त इथेच फसतात. फ्रीजमधला गॅस स्कूटरच्या पेट्रोलसारखा खर्च होत नाही. तोच गॅस बंद पाइपात वर्षानुवर्षं फिरतो. कमी झाला म्हणजे कुठेतरी गळती आहे. कोकणच्या खाऱ्या हवेत पाइप लवकर गंजतात, त्यामुळे गळती आपल्याकडे नवी नाही. गळती न शोधता भरलेला गॅस पुन्हा जातो आणि पैसेही जातात. ‘लीक कुठे आहे, दाखवा’ असं मेकॅनिकला विचारा, आम्हालाही विचारा. कॉम्प्रेसर थांबतच नाही आणि फ्रीजरच्या एकाच कोपऱ्यात बर्फ धरतो, ही गॅस कमी असल्याची खूण.

पुराचं पाणी शिरलेला फ्रीज वरून सुकला तरी प्लग लावू नका, आधी तपासून घ्या.

फोन करताना मॉडेल नंबर (दाराच्या आत किंवा मागे असतो), कधीपासून त्रास आहे, कॉम्प्रेसर चालू आहे का आणि बर्फ कुठे धरतो, एवढं सांगा. म्हणजे लागणारा पार्ट आम्ही सोबतच घेऊन येऊ.